त्यानंतर दोन ते तीन अंशांनी घट

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजात कार्तिकाच्या आगेमागे एक वाक्य हमखास उगवतं. पुढचे दोन दिवस किमान तापमानात फारसा बदल नाही, त्यानंतर दोन ते तीन अंशांनी घट होण्याची शक्यता. हे वाक्य लिहिणाऱ्याचं नाव कुठे छापून येत नाही. त्याच्या शैलीवर परिसंवाद होत नाहीत, साहित्य संमेलनात त्याला कुणी शाल घालत नाही. पण मला विचाराल तर रोजच्या वर्तमानपत्रात याच्याइतकं सभ्य गद्य दुसरं सापडायचं नाही. अग्रलेखाला सगळं ठाऊक असतं. राशिभविष्याला त्याहून जास्त ठाऊक असतं. हा गृहस्थ मात्र ‘शक्यता’ म्हणतो आणि गप्प बसतो.

नागपुरात हा नम्रपणा जरा जास्तच उठून दिसतो, कारण आमच्या गावाचा स्वभाव ठाम. देशाचा मध्य कुठे? आमच्या झिरो माइलला. पोहे कसे खावेत? तर्री घालून. राजधानी कुठे शोभली असती? ते तर विचारूच नका, जुन्या मध्य प्रांताचा विषय निघाला की चहा दोनदा सांगावा लागतो. इथल्या टपरीवर कोणतंही भाकीत ‘लिहून घ्या’ या शब्दांनी सुरू होतं, मग ते निवडणुकीचं असो, जामठ्यावरच्या मॅचचं असो की मिहानजवळच्या जमिनीच्या भावाचं. अशा गावात विमानतळाला लागून सोनेगावला एक कचेरी बसली आहे. तिच्याकडे रडार आहे, रोज आकाशात फुगे सोडायची सोय आहे, वरच्या हवेची खडान्‌खडा माहिती आहे, आणि तरी ती ‘लिहून घ्या’ म्हणत नाही.

थंडीची गोष्ट मात्र सोनेगावला सुरू होत नाही. ती फार लांबून येते.

पावसाळा ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विदर्भातून पाय काढता घेतो. मग येते ऑक्टोबर हीट. पंचांगात शरद ऋतू असतो, कोजागरीला गच्चीवर दूध आटत असतं आणि ते आटवणारा माणूसही. अशा दिवसांत तिकडे भूमध्य समुद्राच्या बाजूला काहीतरी गडबड होते. पश्चिमी झंझावात म्हणतात तो प्रकार वरच्या थरातल्या वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीर-हिमाचलकडे येतो. तिथे बर्फ पडतं आणि ते बघायला आलेले पर्यटक टीव्हीवर एकमेकांना त्याचे गोळे मारताना दिसतात. तो येत असताना इकडे आमच्याकडे वारा फिरतो, दक्षिणेची किंवा पूर्वेची दमट हवा शिरते, ढग येतात आणि रात्री चक्क उकडतं. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून थंडीची वाट बघणाऱ्या माणसाला घाम फुटतो तो यामुळे.

मग झंझावात पूर्वेकडे सरकतो आणि त्याच्या पाठीमागचा उत्तरेचा कोरडा, गार वारा मोकळा सुटतो. युरोपातल्या हवामानाच्या नकाशावर थंड हवेच्या आघाडीची निळी दातेरी रेघ असते. ती रेघ नागपूरपर्यंत शाबूत पोचत नाही, वाटेतच उत्तर भारतात विरून जाते. सातपुडा ओलांडून आमच्याकडे येतो तो तिच्या मागचा वारा. आम्हाला तेवढा पुरतो. ढगांची गोधडी निघालेली असते, हवेत ओल उरलेली नसते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीत आपली ऊब वर सोडून देते. समुद्र तर आमच्यापासून सगळ्याच दिशांनी लांब, त्याचा काही आधार नाही. म्हणून नोव्हेंबरातल्या एकाच दिवसात दुपारी पंखा लागतो आणि पहाटे चादर ओढाविशी वाटते. नवराबायकोत पंख्याच्या बटणावरून होणाऱ्या वादाचं मूळ असं पार भूमध्य समुद्रात आहे, हे कुटुंब समुपदेशकांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

पण उत्तरेच्या वाऱ्याला रान मोकळं असतंच असं नाही. याच दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, कधी चक्रीवादळही. त्यांचे ढग आंध्र, छत्तीसगडवरून सरळ विदर्भात येतात. उत्तरेकडून गारवा, पूर्वेकडून ओलावा आणि मध्ये आम्ही. देशाच्या मध्यावर असल्याचा हा तोटा कुणी झिरो माइलच्या खांबावर कोरलेला नाही. दोन्ही वारे एकमेकांना भिडले तर गाराही पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीनं शेतंच्या शेतं झोपवली होती. तेव्हा अंदाज लिहिणाऱ्याच्या ‘शक्यता’ या शब्दाला जे हसतात, त्यांनी या दोन वाऱ्यांच्या मध्ये उभं राहून एकदा ‘लिहून घ्या’ म्हणून दाखवावं.

हसणारे पुष्कळ असतात. अंबाझरीच्या बाजूला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींमध्ये थंडीच्या पहिल्या आठवड्यात एक ठरलेला संवाद ऐकू येतो.

“काकाजी, पेपरात तर सोळा लिहून आहे.”

“पेपरवाल्याले काय मालूम? तो उठते नऊ वाजता. मी साडेपाचला गाडी काढून राहिलो. दहाच्या वर असन तर नाव बदलून देईन!”

काकाजींचं नाव बदलायची गरज नाही आणि पेपरवाल्याचंही काही चुकत नाही. काकाजी ज्याला तापमान म्हणतात तो स्कूटरवर कानाला लागणारा वारा असतो. पेपरातला सोळा हा आकडा एका पांढऱ्या लाकडी पेटीतला असतो. जमिनीपासून चारएक फूट उंच, चारही बाजूंनी झडपा, दार उत्तरेला म्हणजे उघडताना ऊन आत शिरू नये. आत चार तापमापक. त्यातला किमान तापमानाचा एक रात्रभर खाली खाली जातो आणि जिथे थांबला तिथे खूण सोडून देतो. सकाळी साडेआठला कर्मचारी येतो, दार उघडतो, आकडा लिहून घेतो. ही पेटी शोधून काढणारा थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडातला दीपगृहं बांधणारा इंजिनिअर. त्याच्या मुलानं ‘ट्रेझर आयलंड’ लिहिलं. बापानं पेटीत तापमान ठेवलं, मुलानं खजिना. जगाला मुलगाच आठवतो, तरी रोज सकाळी उघडली जाते ती बापाची पेटी.

आणखी एक. रात्रीचं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्य उगवण्याच्या सुमारास असतं. म्हणजे काकाजी गाडी काढतात तेव्हा अजून थोडी घसरगुंडी बाकीच असते. शिवाय साडेआठला टिपलेला आकडा छापून हातात पडतो तो दुसऱ्या दिवशी. आपण वर्तमानपत्रात वाचतो ती कालची थंडी, आणि भांडतो आजच्या थंडीवरून. एवढ्या एका गोष्टीनं निम्मे वाद मिटावेत, पण नागपुरात वाद मिटवण्यासाठी सुरू होत नाहीत.

उपकरणंही कधीकधी नागपुरी होतात. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली, लोकांनी आकड्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, पुण्याच्या मावशीनं फोन करून “अरे, जिवंत आहात ना?” असं विचारण्यापर्यंत प्रकरण गेलं. दुसरी काही केंद्रं त्याच दिवशी ४४ च्या आसपास होती. शेवटी हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडलं होतं. कितीतरी नागपूरकरांना याचं मनापासून वाईट वाटलं. विक्रम हातातून गेल्याचं दुःख उष्माघातापेक्षा मोठं असतं. खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. तोही काही वाईट नाही, पण ५६ नंतर तो ऐकायला फिकाच लागतो.

थंडीचा विक्रम त्या मानानं शांतपणे झाला. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं. त्याआधीचा नीचांक १९३७ च्या जानेवारीतला, ३.९ चा. ८१ वर्षं टिकलेला विक्रम ०.४ अंशानं मोडला आणि टपरीवरच्या म्हाताऱ्यांची मोठी अडचण झाली. आमच्या काळी जशी थंडी पडायची तशी आता पडत नाही, हे वाक्य त्यांना त्या आठवड्यात वापरता येईना.

या २०१८ ची आणखी एक गंमत आहे. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं आणि ते बहुतेक हिवाळी असतं. मुंबईची मंडळी जाकिटं घालून येतात, संत्री खातात, सावजीनं घामाघूम होतात आणि विदर्भाच्या अनुशेषावर बोलून परत जातात. अधिवेशन आणि थंडी जोडीनं येतात असं आमचं जुनं निरीक्षण. त्या वर्षी मात्र सरकारनं नागपूरला पावसाळी अधिवेशन घ्यायचं ठरवलं. ६ जुलैला असा पाऊस झाला की विधानभवनात पाणी शिरलं, वीज गेली आणि कामकाज थांबलं. हिवाळी अधिवेशन मुंबईत उरकलं. मग डिसेंबरात, अंगावर शहारे आणायला एकही आमदार इथे नसताना, पारा ३.५ वर गेला. निसर्गाला राजकारण कळत नाही म्हणतात. त्या वर्षापुरतं तरी मला तसं वाटत नाही.

अंदाजाच्या भाषेकडे परत येतो, कारण तिच्यातले शब्द वाटतात तितके मोघम नसतात. ‘तुरळक ठिकाणी’ हे आपल्याला ‘जमलं तर बघू’ यासारखं ऐकू येतं. पण खात्याच्या हिशेबात त्याचा अर्थ, त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हटलं की पन्नास टक्क्यांपर्यंत, पुढे पंच्याहत्तर, पुढे जवळजवळ सगळीकडे. थंडीची लाटही कुणाच्या दातांच्या कडकडाटावरून ठरत नाही. मैदानी भागात किमान तापमान दहा किंवा त्याखाली गेलं पाहिजे आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असलं पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय लाट नाही. चार किंवा त्याखाली गेलं तर मात्र सरासरी बघायचीही गरज नाही, ती लाटच. आपल्या सगळ्या सार्वजनिक जीवनात कुठल्याही लाटेला इतक्या कडक अटी असत्या तर किती बरं झालं असतं.

मुंबईच्या वृत्तवाहिन्यांना या अटी मान्य नसतात. तिकडे सांताक्रूझला अठरा अंश झाले की ‘राज्यात हुडहुडी’ अशी पट्टी फिरते आणि वरळीच्या समुद्राकाठी मफलर गुंडाळलेला वार्ताहर दिसतो. त्याच सकाळी गोंदियात नऊ असतात आणि गोंदियाचा माणूस बनियनवर दात घासत असतो. थंडीच्या बाबतीत गोंदिया हा आमचाही दुखरा भाग आहे. विदर्भातलं सर्वांत कमी तापमान म्हणून पुष्कळदा गोंदियाचंच नाव येतं आणि नागपूर दुसऱ्या ओळीत जातं. त्या दिवशी पेपर लवकर घडी घालून ठेवला जातो.

थंडीचं आणि सरकारी कचेरीचं नातं तसं जुनं. भारतीय हवामान खातं १८७५ चं. पुढे त्याचं मुख्यालय शिमल्याला होतं आणि १९२८ मध्ये ते पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात आणि चौकालाही तेच नाव. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी सिमला काही सोडलं नाही. उत्तरेकडून आलेलं काहीतरी गार कायमचं ठेवून घ्यायचं कसब त्यांच्याकडे आहे. आमच्याकडे आलेला उत्तरेचा वारा चार दिवसांत परत जातो.

विदर्भाचं स्वतःचंही एक हवामान खातं आहे, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळचं. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या पहाटे ती कशी हलली, कुठे सांडली त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. त्या घटाला पाऊस विचारतात, पीक विचारतात, राजा गादीवर राहील का तेही विचारतात. थंडी विचारायला तिथे कुणी जात नाही. थंडीनं सरकार पडत नाही आणि कर्जही फिटत नाही. तिच्या वाट्याला आलेला अंदाज म्हणूनच इतका निवांत असावा.

घराघरांत मात्र थंडीचं एक वेगळंच पंचांग चालतं, ते कूलरचं. नागपूरच्या खिडकीत कूलर ही वस्तू फेब्रुवारीत चढते आणि कधी उतरते याला शास्त्र नाही. दसऱ्याला ठरतं, दिवाळीच्या साफसफाईत काढू. दिवाळीला ठरतं, फराळ होऊ द्या. मग एका रात्री उत्तरेचा वारा वाळ्याच्या सुकलेल्या ताट्यांमधून घरात शिरतो आणि मच्छरदाणी फुगते. “अहो, तो कूलर काढा आता!” हे वाक्य त्या रात्री शहरातल्या निम्म्या घरांत एकाच वेळी उच्चारलं जात असावं. दुसऱ्या दिवशी लोखंडी स्टँडवरून कूलर खाली येतो, टाकीतून कुजलेली पानं आणि हरवलेला चेंडू निघतो, महापालिकेचा माणूस डासांच्या अळ्या शोधायला येऊन गेलेला असतोच. खिडकीला पुठ्ठा ठोकतात. तो पुठ्ठा जुन्या दिनदर्शिकेचा असला तर घर पूर्ण नागपुरी समजावं. केंद्राच्या अंदाजात आणि कूलर उतरण्यात सरासरी किती दिवसांचं अंतर पडतं यावर कुणीतरी विद्यापीठात प्रबंध लिहायला हवा.

त्याच सुमाराला गाद्या-रजया उन्हात पडतात, डांबरगोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो, आणि तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या रांगा लागतात. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, हे नागपूरबाहेर फार थोड्यांना माहीत असतं. बर्फाच्या देशातून आलेल्या माणसांनी पंचेचाळीस अंशांच्या मुलखात राहावं आणि तिथल्या लोकांना लोकर विकावी, यात जे काही आहे ते मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आपण मात्र त्यांच्याकडे उभं राहून “ताई, शंभर कमी करा ना” एवढंच म्हणतो, आणि ताई कमी करतात.

शेतात थंडीचा अर्थ निराळा. हरभऱ्याला ती हवी, गव्हाला हवी. तुरीला फुलं लागली असताना आभाळ भरून आलं की शेतकरी घाटे अळीच्या काळजीनं वर बघत बसतो, आणि वेचायला आलेल्या कापसावर पाणी पडलं तर भाव पडतो. त्याला ‘आकाश निरभ्र राहील’ हे तीन शब्द वाचताना जे वाटतं ते आपल्याला चहाच्या कपाबरोबर वाटणार नाही.

आणि संत्रं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडचा आंबिया बहार ऑक्टोबरनंतर कळमन्याच्या बाजारात यायला लागतो तो बरेचदा हिरवट सालीचा. गिऱ्हाईक नाक मुरडतं, कच्चं समजतं. सालीतला हिरवा रंग जाऊन केशरी यायला रात्री गार व्हाव्या लागतात. ते काम उत्तरेचा वारा करतो, आणि त्याला उशीर झाला तर साल हिरवी राहते. आतली फोड झाडावर पिकलेली असेल तर ती गोडच असते. तेव्हा यंदा केंद्रानं ‘दोन ते तीन अंशांनी घट’ म्हणण्याआधी बाजारात गेलात, तर रंगावर जाऊ नका. हातात घ्या, वजनाला जड लागतं का बघा, आणि विकणाऱ्याला एक सोलून द्यायला सांगा. नागपुरात तो नाही म्हणत नाही.